बोलणे कुठे गेले?

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी मादन हिप्परग्याच्या आमच्या घरी, ओसरीवर वीसएक माणसे दूरचित्रवाणीच्या संचासमोर बसली होती. शेजारपाजारच्या बायका हातातली कामे टाकून आल्या होत्या, मुले पडद्याला नाक लावून बसली होती आणि सर्वांच्या मधोमध पाटावर आमची आत्या बसली होती. तिचे वय ८४. आयुष्यात प्रथमच ती स्वतःला पडद्यावर पाहणार होती. एका स्थानिक वाहिनीने अर्ध्या तासाची वेळ देऊ केली होती आणि तिच्या आठवणींची ध्वनिचित्रफीत आम्ही व आमच्या पुतण्याने मिळून तयार केली होती.

ठरलेल्या वेळी संगीत सुरू झाले. गावची वेस दिसली, मळ्याची वाट दिसली, आणि मग आत्याचा चेहरा आला. तिचे ओठ हलू लागले. आवाज मात्र आला नाही. मागचे मंद संगीत चालूच होते. कोणीतरी आवाज वाढविला, तसे संगीताने ओसरी दणाणली. पण बोलण्याचा एक शब्द उमटेना. "संच बिघडला" असे एकजण म्हणाला आणि त्याने संचाच्या पाठीवर दोन थापट्या मारून पाहिल्या. पाच-सात मिनिटे अशी गेली. अखेर आत्याच म्हणाली, "तोंड तर माझंच आहे रे. बोलणं कुठं गेलं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आम्हाला एक आख्खी दुपार लागली. आज घरोघर कॅमेरा आहे. लग्नकार्य, जत्रा, ज्येष्ठांच्या आठवणी आपण टिपून ठेवतो आणि त्यांचे संकलनही घरच्या संगणकावर करतो. अशा वेळी काही अडले म्हणजे दोष कसा शोधावा, हे सांगण्यासाठी आमच्याच फजितीची ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आठवणी कशाच्या?

आमचे गाव आज कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा तो म्हैसूर राज्यात गेला. जिल्ह्याचे गुलबर्गा हे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले. घरात मराठी, बाजारात कन्नड, जुन्या दस्तऐवजांत उर्दू, अशा तीन भाषांच्या सोबतीने येथील पिढ्या वाढल्या. आत्याच्या थोरल्या भावाची शाळा उर्दूतून सुरू झाली, धाकट्याची मराठीतून झाली आणि नातवंडांची कन्नडातून झाली. पोलिस कारवाई झाली तेव्हा ती सात वर्षांची होती. घरातल्या बायका-मुलांना रात्रीच्या अंधारात सोलापूरकडे कसे पाठविले, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून कशा ठेविल्या, हे ती आपल्या सीमेवरच्या बोलीत सांगते. त्या बोलीत मराठी वाक्याला कन्नड हेल येतो. अशा बोलीत बोलणारी माणसे आता आमच्या गल्लीत मोजकीच उरली आहेत. म्हणून तिचा नुसता चेहरा दिसून भागणार नव्हते. जे टिपावयाचे होते ते तिचे बोलणेच होते.

माघ महिन्यात चार बैठकांतून सुमारे सहा तासांचे चित्रण झाले. मायक्रोफोन एकच होता. परंतु खबरदारी म्हणून त्याचा ध्वनी लहानशा मिक्सरमधून दोन तारांनी कॅमेऱ्याच्या दोन कप्प्यांत नेला होता. एक तार दगा देईल तर दुसरी आहे, असा आमचा हिशेब. याच खबरदारीने पुढे आमचा घात केला.

यंत्राचे रुसवे

संकलन पुतण्याच्या कलबुर्गीतल्या खोलीत झाले. पूर्वी हे काम किती अवघड होते याची आजच्या मुलांना कल्पना नसते. चित्र टिपणारी चुंबकीय फीत १९५६ साली अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीने प्रथम बाजारात आणली. ती दोन इंच रुंद होती आणि आरंभी तिचे संकलन म्हणजे पात्याने फीत कापून जोडणे. पुढे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर प्रसंग क्रमाने उतरवून घेण्याची रीत आली. तीत मधला एक प्रसंग लांबविला तर पुढचे सारे पुन्हा करावे लागे. १९८९ साली अ‍ॅव्हिड कंपनीचे संगणकावरील संकलन-यंत्र आले. त्यावर कोणताही प्रसंग वाटेल तेथे हलविता येऊ लागला. आज तेच काम घरच्या संगणकावर होते. सोय वाढली, तसे रुसव्यांचे प्रकारही वाढले.

आमचे यंत्र रात्री सुरळीत चाले आणि दुपारी अडखळे. चित्र थबके, मग उडी मारून पुढे जाई. पुतण्याने दोन वेळा संकलनाची प्रणाली पुसून नव्याने बसविली. गुण आला नाही. दोष प्रणालीत असता तर तिला दिवस काय आणि रात्र काय! दुपारी निराळे काय असते, ते पाहावयास हवे होते. दुपारी ऊन असते. पेटीचे झाकण उघडले तेव्हा पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर तुरीच्या मळणीच्या दिवसांतला धुरळा बोटभर साचलेला दिसला. संगणकाचा मुख्य प्रक्रियक तापला म्हणजे स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. ब्रशाने जाळी झाडली आणि दुपारचा रुसवा गेला.

पण मधून मधून अडखळणे राहिलेच. त्याचे कारण समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. आजच्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाखांहून अधिक. अशी चित्रे सेकंदाला २५. म्हणजे सेकंदाला ५ कोटींहून अधिक ठिपके यंत्राला हाताळावे लागतात. ते जसेच्या तसे साठविले तर सेकंदाला १० कोटी बाइट लागतील. एक साधी फिरती हार्ड डिस्क साधारण तेवढेच पुरविते. म्हणून कॅमेरा चित्रांची घट्ट घडी घालतो. मधूनच एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांचा केवळ फरक लिहून ठेवतो. पाहण्यास ही युक्ती उत्तम. संकलनास मात्र जाचक. मधलेच एखादे चित्र हवे झाले तर मागच्या पूर्ण चित्रापासून साऱ्या घड्या उलगडाव्या लागतात. असे चित्रण आधी सैल घडीच्या रूपात बदलून घ्यावे, अथवा त्याच्या लहान नकला करून त्यांवर संकलन करावे आणि अखेरीस मूळ चित्रे जोडावी. जागा जास्त लागते, पण यंत्र धावते.

तिसरा रुसवा ओठ आणि शब्द यांच्या फारकतीचा. शेताची काही दृश्ये पुतण्याने मोबाईलवर घेतली होती; त्यांत बोलणाऱ्याचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. येथे एक साधी परीक्षा आहे. सुरुवातीला जेवढे अंतर आहे तेवढेच शेवटीही असेल, तर केवळ जोडणी पुढेमागे झाली आहे. ध्वनी सरकवला की काम झाले. अंतर वाढत जात असेल तर चित्र आणि ध्वनी यांच्या गतीच निराळ्या आहेत. तेथे सरकवून उपयोग नाही. सेकंदाला २४ चित्रांचे चित्रण २५ च्या गतीने चालविले तर तासाचा मजकूर ५७ मिनिटे ३६ सेकंदांतच संपतो. मोबाईलची गोष्ट याहून चमत्कारिक. तो उजेड पाहून आपली गती कमीअधिक करीत असतो. असे चित्रण आधी पक्क्या गतीत बसवून घ्यावे आणि मगच संकलनाला हात घालावा.

वाहिनीचा कागद

फीत तयार झाली तेव्हा वाहिनीने पाठविलेला कागद पुढ्यात आला. प्रक्षेपणासाठी द्यावयाची फाईल कशी असावी, याचे नियम त्यावर होते. अशा कागदावर सामान्यतः असणाऱ्या बाबी वाचकांना ठाऊक असाव्यात.

चित्र सेकंदाला २५, आणि प्रत्येक चित्राचे सम-विषम ओळींचे दोन अर्धे, म्हणजे ५० अर्धचित्रे. हा आकडा आला तो विजेवरून. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५० आहेत. अर्ध्यांचा क्रम उलटा झाला तर स्थिर चित्र चांगले दिसते, परंतु धावणारी बैलगाडी थरथरते. काळ्याची आणि पांढऱ्याची मर्यादा ठरलेली असते. संगणकाच्या मोजणीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. अक्षरे कडेला चिकटवू नयेत, कारण काही संच कडा कापून दाखवितात. ध्वनीची सरासरी पातळीही ठरलेली असते. युरोपच्या प्रसारण संघाने २०१० साली उणे २३ ही पातळी सुचविली आणि अनेक देशांतील वाहिन्या ती किंवा तिच्या जवळची पातळी मागतात. फाईल सेकंदाला ५० मेगाबिटची असेल तर अर्ध्या तासाला ११ गिगाबाइटांहून थोडी अधिक भरते. ती पाठविण्यास लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा.

हे सर्व आम्ही पाहिले. पहिल्या पानावरचे प्रत्येक कलम पडताळून त्यापुढे खूण केली. कागद पाठपोट होता. मागच्या बाजूस एकच ओळ होती: प्रक्षेपणात डावा व उजवा ध्वनी एकत्र करून एकाच मार्गाने सोडला जातो, तरी तशी चाचणी करून घ्यावी. कागद उलटून पाहण्याचे आम्हाला सुचले नाही.

पन्नास वर्षांपूर्वीचा धडा

रविवारी दुपारी आम्ही कलबुर्गीस परतलो तेव्हा पुतण्या चिडला होता. "काका, सगळंच पुसून पुन्हा करतो," असे तो म्हणाला. आम्ही त्याला थांबविले आणि या जिल्ह्यातच पूर्वी होऊन गेलेल्या एका मोठ्या प्रयोगाची आठवण करून दिली.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष भारतातल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. सहा राज्यांतील २० जिल्हे त्यासाठी निवडले होते आणि कर्नाटकातील तीन जिल्ह्यांत विजापूर व रायचूर यांच्याबरोबर आमचा गुलबर्गा जिल्हाही होता. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६ नावाचा. मे १९७४ मध्ये सोडलेला आणि या प्रयोगासाठी पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवलेला. कार्यक्रम आपले. कन्नड आणि तेलुगू कार्यक्रम हैदराबादच्या केंद्रात तयार होत, अहमदाबादच्या भूकेंद्रातून आकाशात जात आणि सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून खेड्यात उतरत. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. एका चित्रासोबत दोन ध्वनिमार्ग होते. त्यामुळे एकच चित्र दोन भाषांतून ऐकविता येई. या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा मूळच्या कोल्हापूरच्या डॉ. एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. १९२५ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ वयाची शंभरी पुरी करून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात निवर्तले.

खेड्यात शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीत संच असे आणि बाहेर तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री. उपग्रहाचा संदेश नेहमीच्या संचाला समजेल अशा रूपात आणणारी एक पेटी मध्ये बसविलेली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने हे संच बनविले होते.

आता कल्पना करावी. धुळीच्या रस्त्याने गाठावयाचे गाव, पडद्यावर चित्र नाही, आणि समोर शे-दोनशे माणसे. अशा वेळी दोष कोठे शोधावयाचा? आकाशात, अहमदाबादेत, छत्रीत, की विजेच्या खांबावर? पडद्यावर अजिबात उजेड नसेल तर आधी वीज पाहावी. उजेड आहे पण नुसती मुंग्यांसारखी वळवळ आहे, तर संच जिवंत आहे. छत्री, तिची तार किंवा पेटी पाहावी. आणि शेजारच्या गावात चित्र स्वच्छ दिसत असेल तर उपग्रह आणि अहमदाबाद निर्दोष ठरतात. एका प्रश्नासरशी निम्मे जग वगळले जाते. खेड्यापाड्यांतले संच सांभाळावयाचे तर याहून दुसरी रीत नाही.

प्रयोग संपला, पण गुलबर्ग्याची दूरचित्रवाणी संपली नाही. १९७७ साली येथे जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. मुंबई केंद्र १९७२ चे; बंगळूरचे मात्र १ नोव्हेंबर १९८१ चे. राजधानीच्या आधी चार वर्षे आमच्या जिल्ह्यात दूरचित्रवाणी आली, याचा येथील जुन्या माणसांना अजून अभिमान वाटतो. ती कन्नड बोलत असे आणि तेच योग्य होते. मराठी घरांनीही तीवर शेतीची माहिती आवडीने ऐकली. पण स्वतःच्या बोलीचे शब्द पडद्यावरून ऐकण्यास आत्याच्या पिढीला या रविवारपर्यंत थांबावे लागले होते. आणि नेमके तेच शब्द आम्ही हरवून बसलो होतो.

निम्मे वगळा

आम्ही एका कागदावर साखळी मांडली. मायक्रोफोन, मिक्सर, तारा, कॅमेरा, कार्ड, हार्ड डिस्क, संकलन, संगीताची जोड, तयार फाईल, तिची पाठवणी, वाहिनीचा संगणक, ध्वनीचे एकत्रीकरण, प्रक्षेपण, घरची पेटी, घरचा संच. एका टोकापासून एकेक दुवा तपासत गेले तर पंधरा चाचण्या होतील. मधोमध तोडून कोणता अर्धा निर्दोष ते पाहिले, उरलेल्याचा पुन्हा अर्धा केला, तर चार चाचण्या पुरतात.

मधला दुवा होता तयार फाईल. ती खोलीतल्या दोन ध्वनिवर्धकांवर लावली. आत्या बोलली. पुण्याच्या भाचीला ही फाईल आधीच पाठविली होती. कानाला यंत्र लावून तिने ती ऐकली होती आणि ऐकताना डोळ्यांत पाणी आले असे कळविले होते. म्हणजे आपला अर्धा निर्दोष, दोष वाहिनीकडे! पुतण्याने तावातावाने दूरध्वनी केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारले, "फाईल एकमार्गी करून ऐकलीत का? कागदाच्या पाठीमागे लिहिले आहे."

आम्ही कागद उलटला. मग संगणकावर डावा आणि उजवा ध्वनी एकत्र केला. संगीत राहिले, आत्या मुकी झाली. सकाळी ओसरीवर घडले होते ते जसेच्या तसे आमच्या खोलीत घडले. आमची चाचणी चुकली होती. शेवटच्या संचावर ज्या रीतीने ऐकू येणार, त्या रीतीने आम्ही ऐकलेच नव्हते.

आता दोष फाईलच्या अलीकडे आहे हे पक्के झाले. दुसरी चाचणी: संकलनाचा हात न लागलेले मूळ चित्रण एकमार्गी करून ऐकले. तेथेही शब्द नाहीत. म्हणजे संकलन, प्रणाली, हार्ड डिस्क सारे सुटले. सगळे पुसून पुन्हा केले असते तरी काही साधले नसते! उरले मायक्रोफोन, मिक्सर, तारा आणि कॅमेरा. तिसरी चाचणी: तीच सामग्री मांडून पुतण्या बोलला आणि एका वेळी एकच वस्तू बदलून पाहिली. लाल पट्टीची तार काढून खात्रीची दुसरी लावली, तेव्हा एकमार्गी ध्वनीतही शब्द परतले.

लाल पट्टीची तार आम्हीच जोडली होती. टोकाची टोपी उघडली तेव्हा चूक दिसली. अशा तारेत तीन खिळे असतात. पहिला जमिनीचा, दुसरा आणि तिसरा ध्वनीचे. आम्ही एका टोकाला दुसऱ्याच्या जागी तिसरा जोडला होता. दोष एवढाच.

एवढ्याने आवाज नाहीसा कसा होतो? जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. दोघींनी खुंटा एकाच दिशेने ओढला तर जाते सहज फिरते. एकीने उलट दिशेने तेवढाच जोर लावला तर दोघींचा घाम निघेल आणि जाते जागचे हलणार नाही. ध्वनी म्हणजे हवेची पुढेमागे होणारी हालचाल. आमच्या एका तारेतली हालचाल पुढे होती तेव्हा दुसरीतली तेवढीच मागे होती. दोन ध्वनिवर्धकांवर दोन्ही वेगवेगळ्या ऐकू आल्या, म्हणून आवाज किंचित पोकळ, डोक्यामागून आल्यासारखा वाटला. तो आम्ही जुन्या घराचा घुमारा समजलो. एकत्र केल्यावर मात्र दोघींनी एकमेकींना पुसून टाकले. संगीत निराळ्या वाटेने जोडलेले होते, ते तेवढे उरले. आणि ते उरले म्हणूनच वाहिनीतही कोणाला शंका आली नाही.

उपाय मिनिटभराचा होता. दुसरा ध्वनी टाकून दिला आणि पहिलाच दोन्ही बाजूंना ठेवला. सहा तासांच्या मूळ चित्रणाच्या दोन प्रती आम्ही आधीच वेगवेगळ्या घरी ठेविल्या होत्या म्हणून हे शक्य झाले. कार्ड पुसून त्यावर दुसरे काही टिपले असते आणि हाती केवळ एकमार्गी केलेली एक प्रत राहिली असती, तर कोणत्याही कारागिराला तो आवाज परत आणता आला नसता.

गाठीशी बांधावयाच्या गोष्टी

आमच्यासारखे हौशी लोक वाचकांत पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. दोष शोधू लागण्यापूर्वी मूळ चित्रणाच्या दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवाव्या. घाबऱ्या हातांनी दोषापेक्षा अधिक नुकसान होते.

२. दोष केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, ते आधी लिहून काढावे. आमचा दुपारचा रुसवा घड्याळानेच उलगडला.

३. साखळी कागदावर मांडावी आणि मधोमध तोडावी. जे निर्दोष ठरले तेथे पुन्हा फिरकू नये.

४. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्या आणि काम झाले, तर गुण कोणाचा ते कळत नाही.

५. वाहिनीचा कागद चित्रणाच्या आधी वाचावा, आणि दोन्ही बाजूंनी वाचावा.

६. तयार फाईल उत्तम यंत्रावर तपासावीच. पण अखेरची परीक्षा घरातल्या सर्वांत जुन्या, एका ध्वनिवर्धकाच्या संचावर घ्यावी. ज्याच्यासाठी आपण हे करतो, तो बहुधा त्याच संचासमोर बसलेला असतो.

पुढच्या रविवारी वाहिनीने तीच वेळ पुन्हा दिली. त्यांच्या या सौजन्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ओसरीवर या खेपेस माणसे कमी होती. एकदा फसलेल्या खेळाला लोक पुन्हा येत नाहीत. आत्या पाटावर बसली. पडद्यावरच्या तिने घुंगुरमाळा काढून ठेवल्याचे सांगितले तेव्हा ओसरीवरची ती मान हलवीत होती, जणू दुसऱ्याच कोणाची हकीकत ऐकावी. अर्धा तास संपला. आम्ही काही बोलण्याची वाट पाहत होतो.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "आता ते मशीन घेऊन गल्लीत जा. माझ्या वयाच्या अजून चौघी आहेत."

त्यांपैकी दोघींकडे आम्ही जाऊन आलो. तिसरीकडे पोहोचण्यास आम्हाला उशीर झाला. चौथीकडे येत्या आठवड्यात जावयाचे आहे. तारा तपासून ठेविल्या आहेत.